संतांची उलटतपासणी

माझ्या पाद्रिनांच्या तावडीतून सुटून स्वर्गात निर्धास्त बसलेला एकही संत मला माहीत नाही. स्वर्गाच्या दाराशी किल्ल्या घेऊन बसणाऱ्या पेद्रूला कधी रजा हवी झाली असती आणि त्याच्या जागी माझ्या पाद्रिनांना बसवलं असतं, तर आठवड्याभरात आतली निम्मी मंडळी कागदपत्रं आणायला खाली परत आली असती. पाद्रिन म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांत बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातावर घेऊन, त्याच्या वतीनं देवाला शब्द देणारा माणूस. बाकीचे पाद्रिन फादरांच्या प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणून मोकळे होतात. यांनी मात्र ‘सैतानाला नाकारतोस काय?’ या प्रश्नावर, ‘मुलीच्या वतीनं, की माझ्याही?’ असं आधी स्पष्ट करून घेतलं होतं. आई सांगायची, तोवर मी रडून लाल झाले होते आणि फादर माझ्याहून लाल.

त्यांची नोकरी तालुक्याच्या कोर्टात. तीस वर्षं साक्षीदारांच्या जबान्या उतरवून घेतल्या. देवाची शपथ घेऊन माणूस किती सरळ तोंडानं खोटं बोलतो, हे तीस वर्षं रोज अकरा ते पाच जवळून पाहिल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. लग्न केलं नाही. एकदाच मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलीच्या बापाला ओळीनं प्रश्न विचारू लागले आणि चौथ्या प्रश्नाला बापानं पुढ्यातला चहा उचलून आत नेला म्हणतात. दुकानातून आणलेली साखर ते घरी पुन्हा तोलून बघत, भिंतीवरच्या घड्याळाची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी आणि दोन्हींची कोर्टाच्या भोंग्याशी ताडून बघत. पंचांगात ओहोटीची वेळ दिली असली तरी किनाऱ्यावर जाऊन समुद्र खरोखर हटला आहे का, हे पाहिल्याशिवाय कालवं काढायला निघालेल्या बायकांना ते पुढे जाऊ देत नसत. देवावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास. तो कधी कोर्टात आला नव्हता, त्यामुळे त्याच्याविरुद्ध काही बाहेर पडलं नव्हतं. संतांचं तसं नव्हतं. संतांची चरित्रं माणसांनी लिहिली होती आणि लिहिणारी माणसं त्यांना ठाऊक होती.

नवरा बोटीवर असल्यानं मालवणात बेकरी मीच चालवत होते. चर्चमधली सकाळची मिस्सा संपली की निवृत्त झालेले पाद्रिन छत्री घेऊन यायचे, पावाची लादी उलटी करून बुडाशी बोटानं टकटक करून बघायचे आणि मग बाकावर बसून एक जाडजूड पुस्तक उघडायचे. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक संत, असं ते पुस्तक. सोबत एक पेन्सिल, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. निळं टोक नव्यासारखं होतं. लाल टोक महिन्याला संपायचं. आपलं तुटलेलं डोकं दोन्ही हातांत धरून चालत गेलेल्या संताच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं : ‘अंतर किती? मोजले कोणी? डोके हातात, तर रस्ता कोण पाहत होते?’ हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या सांत अंतोनवर तर त्यांचा खास डोळा होता. आमच्या बायका छत्री हरवली तरी त्याला मेणबत्ती बोलतात. पाद्रिन म्हणायचे, “चोरीचो माल खंय आसा ता जेका सदीच म्हायत असता, तेच्यार पोलीस पयलो संशय घेतत, बाय.” सगळ्या संतमंडळींत त्यांचा खरा जीव फक्त थोमासवर. क्रुसावर मेलेला गुरू पुन्हा उठल्याची बातमी ऐकल्यावर, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, तो. लोक त्याला अविश्वासी म्हणून नावं ठेवतात. पाद्रिन म्हणायचे, “अकरा शिष्यांत उलटतपासणी घेणारो येकच निघालो. बाकीच्यांची साक्ष खरी ठरली ती तेच्यामुळे.”

एकदा लॉरेन्सची पाळी आली. या संताला जाळावरच्या लोखंडी पलंगावर भाजलं, तेव्हा तो म्हणाला होता म्हणे, ही बाजू झाली, आता परता. पाद्रिनांनी चष्मा काढला. “बाय, तू भट्टीकडे असतंस. माणसाक खालसून जाळ लागलो, तर तेका चेष्टा सुचतली?”

मी म्हटलं, “मागल्या बुधवारी माझ्या हाताक तापलेलो पत्रो लागलो, तेवा मी काय बोललंय ता फादराकसुदा सांगूक नाय.”

त्यांनी समासात लाल पेन्सिलीनं लिहिलं : ‘भट्टीवालीची साक्ष : असंभव.’ आता योग असा की त्याच आठवड्यात आमच्या भट्टीवर काम करणाऱ्या काकांचा उजवा हात कोपरापर्यंत पोळला. काका साठीचे, भंडारी, चर्चची पायरी कधी न चढलेले. मी खोबरेल लावत होते, तर दात खात म्हणाले, “बाय, ही बाजू झाली. दुसरी कदी लावूया?” बाकावरून पाद्रिन ताडकन उठले. काकांचं नाव, वय, धंदा लिहून घेतला आणि विचारलं, “लॉरेन्स नावाच्या इसमास तुम्ही ओळखता काय?” काका कळवळत म्हणाले, “नाय बा. खंयचो तो? पाव नेता काय?” पाद्रिनांनी लाल शेरा खोडला आणि त्या पानावर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं, ‘संभवते.’ त्या दिवशी ते घरी गेले ते जवळजवळ नाचतच.

जुन्या काळावर संशय घेणारा माणूस नव्या काळाच्या बाजूचा असेल, असं वाटलं तर ती चूक. तेव्हा वाडीत आखाती पैशाबरोबर टेपरेकॉर्डर आले होते आणि पाठोपाठ पहिला टीव्ही. ज्या घरी टीव्ही आला, त्यांनी तो देवाच्या आल्ताराखालच्या टेबलावर ठेवला, वर विणलेलं आच्छादन घातलं, त्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली आणि येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर जागा पुरेना म्हणून हातभर वर सरकवली. पाद्रिन बघायला गेले. चित्र सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं ते त्या सजवलेल्या पेटीसमोर उभे राहिले आणि नव्या संताच्या सणाची चौकशी करावी तसं घरधनिणीला विचारलं, “हेचा फेस्त कदी असता गो?” दुसऱ्या एका घरी माळेची प्रार्थना टेपवर लावायची पद्धत सुरू झाली होती. यजमान दमून आलेले असत, मशीन ‘नमो मारिया’ म्हणे, घरचे आपापली कामं उरकत. पाद्रिन बाहेरच्या पायरीवरून म्हणाले, “तुमी थकलास म्हणान मशीन लावलास. देवान पण आयकूक मशीन लावल्यान तर?” त्या घरी त्यांना पुढच्या नाताळात फराळाच्या नेवऱ्या मिळाल्या नाहीत.

पण त्या चिडीमागे एक विचार होता आणि तो मला अजून खोडता आलेला नाही. ते म्हणायचे, आजचा माणूस डोकं हातात घेऊन चालणाऱ्या संताला हसतो आणि संध्याकाळी व्हिडिओवर एकटा नट बारा जणांना लोळवतो, ते डोळे मोठे करून बघतो. त्याच नटाचा फोटो घरात लावतो, तो वापरतो म्हणून तोच साबण आणतो, तो आजारी पडला तर उपास धरतो. म्हणजे माणूस काही शहाणा झाला नाही. त्यानं फक्त साक्षीदार बदलला. “आणि ह्या नव्या साक्षीदाराक,” ते लाल टोक माझ्याकडे रोखून म्हणत, “कोण येक प्रश्न विचारणा नाय.”

हे सगळं मी बाकापलीकडून, पीठ चाळत, हसत ऐकत असे. पण एका मे महिन्यानंतर हसणं थांबलं. माझी एकुलती मुलगी रीता बारावीनंतर गल्ल्यावर बसत होती. सुट्टीत ती घाटावर, सिस्टर लोकांनी चालवलेल्या निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात महिनाभर मदतीला गेली आणि परत आल्यावर तिसऱ्या दिवशी बटर मोजता मोजता म्हणाली, “आये, माका थंय जाऊक होया. सिस्टर होऊक.”

माझा पहिला विचार भक्तीचा नव्हता. कोणीतरी काहीतरी केलंय, हा होता. मी तिची ट्रंक उघडली, उशीचा अभ्रा काढून झटकला, वह्या चाळल्या. पत्र नाही, फोटो नाही. मैत्रिणींना गाठून विचारलं. शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या सिस्टरांनी तिला काय सांगून भुलवलं असेल, याचा हिशेब मनात मांडत राहिले. नवऱ्याला पत्र लिहिलं, तर कुठल्याशा बंदरातून सहा आठवड्यांनी उत्तर आलं : ‘तू ठरवशील ते बरोबर.’ बोटीवरच्या माणसांची अशी पत्रं कपाटात ठेवायच्या लायकीची असतात, उपयोगाची नसतात. शेवटी मी पाद्रिनांकडे गेले. ज्यानं वर्षाच्या तीनशे पासष्ट संतांतले मोजके सोडून सगळे फेटाळले, तो माझ्या एकोणीस वर्षांच्या पोरीचं ढोंग पहिल्या बैठकीत उघडं पाडील, याची मला खात्री होती. मी सरळ सांगितलं, “तिका फोडा.”

पुढच्या रविवारी बेकरीच्या मागच्या पडवीत बैठक बसली. रीता पिठाच्या पोत्यावर, पाद्रिन टेबलाशी, जुना काळा कोट घालून. चौकशी सुरू झाली की ते मालवणी सोडून कोर्टातली मराठी बोलत.

“साक्षीदाराने सांगावे, तिला आवाज ऐकू आला काय?”

“कोणाचो?”

“प्रश्न आम्ही विचारायचे. देवाचा, देवमातेचा, कोणाचाही.”

“नाय, आज्या.”

“स्वप्न?”

“पडतत. परीक्षेची.”

“कोणा मुलाने फसवले?”

माझी चाळण थांबली. रीता खुसखुसली. “फसवूक आदी कोणतरी गावाक नको?”

“संतांची चरित्रे वाचून भारावलीस काय?”

“तुमच्या बुकातली? तेच्यात तुमी सगळीकडे लाल लिवन ठेवलास. भारावतलंय कशी?”

पाद्रिन खोकले. पाणी प्यायले. “मग जाण्याचे कारण?”

ती पोत्यावर सरकून नीट बसली. मग म्हणाली, “थंय येक म्हातारी होती. तिका कायच आठवणा नाय. रोज सकाळी माका विचारी, तू कोण गो? मी रोज नाव सांगी. म्हयनोभर. माका कंटाळो इलो नाय.” आणि पोत्यावरचं पीठ झटकत, “हंय माका सगळ्याचो कंटाळो येता. थंय इलो नाय. इतक्याच.”

पाद्रिनांनी लिहून घेतलं. मला वाटलं, आता हाणतील. त्यांनी पुढची तारीख दिली. तीन रविवार त्यांनी तेच प्रश्न उलटेसुलटे करून विचारले. एकदा तर तिच्या आवडीचे बांगडे तळत असताना मधेच विचारलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी कागदांना टाचणी लावली आणि मला म्हणाले, “पाठ केलेली साक्ष शब्दाक शब्द तशीच येता. हिची दर वेळाक जरा येगळी येता, आणि मतलब तोच ऱ्हवता. ह्यां चेडू खोटा बोलणा नाय.”

मी भडकले. “मी तुमका तिका फोडूक सांगितलंय, आणि तुमी तिचे वकील झालास!”

“बस,” ते म्हणाले. “आता तुझी जबानी.”

मी बसले. साक्षीदाराची हरकत काय, असं विचारल्यावर मी घडाघडा सांगितलं. बेकरी आहे, बाप घरी नसतो, पोरीची छाती नाजूक, घाटावर थंडी, मठातलं जेवण कसं कोणास ठाऊक, चार वर्षांनी तिला पस्तावा झाला तर लोक काय म्हणतील. त्यांनी सगळं उतरवलं, एकही शब्द न गाळता. मग पेन्सिल खाली ठेवून आपल्या भाषेत म्हणाले, “ह्यां सगळा खरा. आता शेवटचा सांग.”

“शेवटचा काय?”

“साक्षीदार पिंजऱ्यातसून उतरताना जा पोटातला सांगता ता.”

मी उठले आणि भट्टीतून पाव काढायला गेले. पाव अजून पंधरा मिनिटं व्हायचे होते.

एका पक्षाची साक्ष खरी ठरली म्हणून प्रकरण संपत नाही, दुसऱ्याचीही घ्यावी लागते, असं म्हणून पाद्रिन दोन दिवसांनी एसटीनं घाटावर गेले. कुणाला न कळवता. काळा कोट, छत्री, बगलेत कागद. आश्रमातल्या सिस्टरांनी त्यांना सरकारी तपासनीस समजून दार उघडलं. आपण तपासनीस नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण तसं कोणी विचारलं नव्हतं. त्या बिचाऱ्यांनी त्यांना रजिस्टरं दाखवली, कोठार दाखवलं, विहिरीत बादली सोडून पाणी दाखवलं. यांनी डाळीच्या टोपावरचं झाकण उचललं, संडासात डोकावून पाहिलं, म्हाताऱ्यांच्या गाद्या उलटून ढेकूण पाहिले आणि परत येऊन माझ्यापुढे पंचनामा ठेवला. रीतसर, दोन पंचांच्या निशाण्यांसह. एक पंच आश्रमाची स्वयंपाकीण आणि दुसरा माळी. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. त्यात लिहिलंय :

‘खाटा चौदा. गाद्या कापसाच्या, ढेकूण आढळून आले नाहीत. डाळ सिस्टरांस व रुग्णांस एकाच टोपातील. मदर म्हणून ज्या बाई आहेत त्या कडक आहेत, परंतु हसतात. हसू खरे असल्याचे दिसून आले. मासळी आठवड्यातून एकदा, तीही गोड्या पाण्यातील. ही बाब गंभीर आहे. रोज नाव विचारणारी म्हातारी प्रत्यक्ष पाहिली. तिने आम्हांस तीन वेळा नाव विचारले. तिसऱ्या वेळी आम्हांस राग आला. मुलीस द्यावयाची खाट खिडकीलगत. खिडकीतून चिंचेचे झाड व कपडे वाळत घालण्याची दोरी दिसते. समुद्र दिसत नाही.’

मी तो कागद उभ्यानंच वाचला. शेवटच्या ओळीपाशी थोडी थांबले. मग घडी घातली आणि सुकट आणायला बाजारात गेले, कारण मासळीची बाब खरंच गंभीर होती.

रीता गेली त्या दिवशी मी तिच्या ट्रंकेत सुकट, सोडे, आमसुलं आणि दोन स्वेटर भरले. एसटी स्टँडवर पाद्रिनांनी ट्रंक टपावर नीट बांधली आहे का, हे कंडक्टरला दोनदा विचारून, तिसऱ्यांदा स्वतः शिडी चढून बघितलं. “आजोबा, उतरा हो,” कंडक्टर ओरडला. “गाडी कसालच्या स्टँडार टायमार पोचूक होयी माका!” रीतानं खिडकीतून हात बाहेर काढला. मी तो धरला आणि ‘रात्री छाती झाकून झोप’ असं काहीतरी सांगितलं. गाडी वळली आणि स्टँडवर फक्त धूळ राहिली.

परत येताना मी आणि पाद्रिन किनाऱ्याच्या बाजूनं चालत होतो. दर दहा पावलांना कशावर तरी शेरा मारणारा माणूस जेटीपासून वळणापर्यंत गप्प चालला, तेव्हा मीच विचारलं, बरं वाटत नाही का?

ते थांबले. छत्री वाळूत रोवली. “बाय, तीस वर्सां कोर्टात, आणि तेच्यामागसून इतकी वर्सां, मी कोणाचा खरा मानूक नाय. हिचा मानलंय. चुकलंय असान तर माका सांग. लपव नको.”

त्यांची समजूत घालावी, असं मला वाटलं नाही. खोटी समजूत त्यांना लगेच ओळखू आली असती. “सांगतलंय,” मी म्हटलं.

रीताचं पत्र दर महिन्याला यायचं. आधी मी वाचायची, मग ते. कागद उजेडाकडे धरून खोडलेले शब्द शोधायचे, शाई कुठे ओघळली आहे का बघायचे, मागच्या पत्राशी अक्षर ताडायचे. “अक्षर बारीक झाला,” एकदा म्हणाले, “जेवणा नाय पोटभर.” मी कळवलं. तिचं उत्तर आलं, की पेनाचं नीब बदललं. ते नीब त्यांनी पाकिटातून मागवून घेतलं आणि स्वतः लिहून बघितलं. ती सिस्टरचं व्रत घेणार होती त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ते शेवटच्या बाकावर बसले, तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात म्हणून. ती ‘होय’ म्हणाली तेव्हा मी वळून पाहिलं. ते चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. चष्मा मळला असेल.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते गेले. दोन दिवसांचा ताप, फार त्रास न होता. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी बाटलीवरचं नाव वाचून मगच गिळली.

रीता अजून तिथंच आहे. ती म्हातारी गेली, दुसऱ्या आल्या. पत्रं येतात. पाद्रिनांना दिलेला शब्द आहे म्हणून प्रत्येक पत्र मी दोनदा वाचते, एकदा टेबलावर आणि एकदा उजेडाकडे धरून. कधी एखादी ओळ संशयास्पद वाटते, तेव्हा जुनी पत्रं काढून बसते. अजून तरी हाती काही लागलेलं नाही. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी चर्चमागच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, तेव्हा पाद्रिनांच्या कबरीपाशी जाते. दोन मिनिटं उभी राहते. “अजून काय नाय हां,” एवढंच सांगते आणि भट्टी तापत ठेवलेली असते म्हणून परत येते.